शब्दचर्चा: 'घरगुती पीच मोची' म्हणजे काय?

प्रश्न, नाशिकहून

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. मुलगी अमेरिकेत, अटलांटाला असते. तिनं शेजारच्या आजींकडून शिकलेली पीचची एक पाककृती पाठवली. इंग्रजीत होती, म्हणून फोनकडून मराठी करून घेतली. मथळा आला: 'घरगुती पीच मोची'. खाली, 'मोचीला ४० मिनिटे भाजा, कडा तपकिरी झाल्या की बाहेर काढा'. घरात सगळे पोट धरून हसले.

मूळ शब्द कॉब्लर. चपला दुरुस्त करणाऱ्यालाही इंग्रजीत हाच शब्द, एवढं मला माहीत आहे. पण गोड पदार्थाला हे नाव का? आणि मराठीत काय लिहावं? माझ्या वहीत सासूबाईंच्या हातचं धोंडस आहे, खापरपोळी आहे, तिथे हे कुठल्या नावानं बसवू? (वहीत 'केक'ही आहे, तेव्हा मी फार सोवळी आहे असं समजू नका.)

उत्तर, पुण्याहून

यंत्राची चूक तशी गमतीदारच आहे, पण तिच्यात आणखी एक गोम आहे. मोची नावाचा जपानी पदार्थ खरोखरच असतो, चिकट तांदळाचा मऊ गोळा, आणि त्यात पीचचं सारणही भरतात. म्हणजे 'पीच मोची' असं शोधून कुणी कृती काढली तर ती मिळेल, पण पानात पडेल भलतंच. तेव्हा हे नाव वहीत नको. बाकी कॉब्लर मी खाल्लेला नाही, त्यामुळे खाणाऱ्यांनी बोलावं.

उत्तर, जॉर्जियाहून

खाणारी आणि करणारीही मी आहे, बावीस वर्षं इथे, अमेरिकेतल्या जॉर्जियात राहते. काकू, आधी पदार्थ सांगते, मग शब्दाकडे येते.

खोलगट भांड्यात पीचच्या फोडी साखर घालून ठेवायच्या. पाणी सुटलं की त्यावर मऊ कणकेचे गोळे सुटे सुटे टाकायचे आणि भट्टीत भाजायचं. गोळे फुगतात, एकमेकांना भिडतात, मधल्या फटींतून रस खदखदत वर येतो. ही एक तऱ्हा. दुसरीत भांड्यात लोणी वितळवायचं, त्यावर सरसरीत पीठ ओतायचं, वरून फोडी पसरायच्या आणि हात मागे घ्यायचा. ढवळायचं अजिबात नाही. भाजताना पीठ फोडींना पोटात घेऊन आपोआप वर येतं. तिसऱ्या तऱ्हेत वर कणकेच्या पट्ट्यांची जाळी असते. अमेरिकेच्या दक्षिण भागात या तिन्हींना कॉब्लरच म्हणतात, आणि आपल्या आजीचा तेवढा खरा यावर प्रत्येक घर ठाम असतं. आपल्याकडे पुरणपोळीत गूळ की साखर, तसंच.

आता नाव. सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी, की गोळे फुगून आल्यावर वरचा भाग गोल दगडांच्या फरसबंदीसारखा दिसतो. त्या दगडांना इंग्रजीत कॉबलस्टोन म्हणतात, म्हणून कॉब्लर. ऐकायला छान आहे. पण जॉन रसेल बार्टलेट यांच्या अमेरिकन बोलीच्या कोशाच्या १८५९ च्या आवृत्तीत कॉब्लरचं जे वर्णन आहे, त्यात दगडी फरसबंदी कुठेच बसत नाही. तिथे भांड्याला आतून जाड कणकेचं अस्तर आहे आणि फळ त्या कणकेवर ठेवलेलं आहे. गोळे वर नाहीतच. म्हणजे दिसण्यावरून सांगितलेली ही व्युत्पत्ती बहुधा मागाहून चिकटवलेली.

दुसरी एक शंका व्युत्पत्तीच्या कोशांत दिसते. चौदाव्या शतकात लाकडी वाडग्याला 'कॉब्लर'सारखाच एक शब्द होता, त्याच्याशी नातं असावं. मला ही जास्त पटते, कारण भांड्याचं नाव पदार्थाला पडणं आपल्याला नवीन नाही. खापरावर होते ती खापरपोळी, हंडीत शिजते ती हंडी. तिसरं म्हणजे 'कॉबल' या क्रियापदाचा अर्थ जे हाताशी असेल ते कसंबसं जोडून काम भागवणं. तिथून मोची आणि पदार्थ चुलतभाऊ निघाले तर निघोत. पण पदार्थाला मोच्यावरून नाव पडलं, असं मात्र कुणी म्हणत नाही.

एक आणखी: शेरी कॉब्लर नावाचं एक पेय एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फार चालायचं. शेरी, साखर, संत्र्याच्या चकत्या आणि ठेचलेला बर्फ. जुनं काही वाचताना कॉब्लर 'प्यायला' असं दिसलं तर दचकू नका.

उत्तर, नागपूरहून

सगळे 'पीच' 'पीच' करताय, म्हणून मध्ये तोंड घालतो. या फळाला मराठीत शब्द आहे: सप्ताळू. बाजारात आता कुणी वापरत नाही हे मान्य, पण शब्द खोटा नाही.

पाहताक्षणी 'सप्त' दिसतं आणि वाटतं, सात काहीतरी असेल. सातबीत काही नाही. फारसीत पीचला शफ्तालू म्हणतात, त्याचं मराठी जिभेवर सप्ताळू झालं. शफ्त म्हणजे जाड, मांसल. आलू म्हणजे फारसीत आलुबुखारासारखं फळ. हा आलू कळला की बाजाराची अर्धी टोपली उलगडते. जर्द म्हणजे पिवळा, म्हणून जर्दाळू. बुखारा शहराचा आलू तो आलुबुखार. तिघंही भावंडं आहेत, वनस्पतिशास्त्रानंसुद्धा. फक्त हिंदीतला बटाट्याचा आलू या घरातला नाही, आणि आपल्या वडीचं अळू तर नाहीच नाही.

गंमत नावांच्या प्रवासाची आहे. फळ मूळचं चीनमधलं. रोमन लोकांना ते इराणमार्गे मिळालं, म्हणून त्यांनी त्याला 'पर्शियाचं' म्हटलं. त्यातूनच झिजत झिजत इंग्रजी पीच झालं. शास्त्रीय नावातही 'पर्सिका' कायमचं बसलं. उलट सातव्या शतकात भारतात आलेला ह्युएन त्सांग लिहितो, की इथे पीचला 'चीनानी' म्हणतात, कारण कनिष्काच्या काळात चीनकडून ओलीस म्हणून आलेल्यांनी ते लावलं. म्हणजे ज्याच्या हातून फळ मिळालं त्याचं नाव प्रत्येकानं लावलं. आपण तर चिनी फळाचं नाव इराणकडून घेतलं, आणि त्याला संस्कृतचा सदरा चढवला.

तेव्हा काकू, माझं मत: सप्ताळूचा कॉब्लर.

उत्तर, पुण्याहून (पुन्हा)

सप्ताळू लिहिलं तर भाजीवाला काय देईल? मे-जूनमध्ये हिमाचल आणि पंजाबचा माल येतो तेव्हा मंडईत 'पीच' म्हणा, लगेच हातात. 'सप्ताळू' म्हणा, तो तुम्हाला रताळी दाखवेल. शब्द जपावा, पण खरेदीच्या यादीत नको.

उत्तर, कुडाळहून

काकूंनी धोंडसाचं नाव काढलं म्हणून लिहिते. वर भट्टी-भट्टी चाललं आहे, पण हा पदार्थ जुन्या काळी भट्टीतला नव्हताच. अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले लोक तो बिडाच्या तीन पायांच्या भांड्यात करायचे. त्याचं झाकण सपाट असतं आणि त्याला वर उभा काठ, निखारे घसरू नयेत म्हणून. खाली निखारे, झाकणावर निखारे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, अहो, हे तर आमचंच! तवश्याचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस आजी असंच करायची. तवसं किसून, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, सगळं पातेल्यात, वर ताट, आणि ताटावर नारळाच्या सोडणांचे निखारे. वरून आच लागल्याशिवाय धोंडसाला रंग येत नाही. गोव्याच्या बिबिंकालाही वरूनच आच देतात.

आमच्याकडे या रीतीला वेगळं नाव नव्हतं. 'खाली-वर विस्तव घालून' असं म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला कळायचं. तेव्हा 'बेक करा' ऐवजी काकूंच्या वहीत 'खाली-वर आच देऊन भाजणे' चालेल का? हल्लीच्या ओव्हनवरही खालच्या आणि वरच्या आचेची खूण असतेच.

प्रश्नकर्ती, नाशिकहून

चालेल नव्हे, धावेल! सासूबाईंच्या धोंडसाखाली हेच वाक्य आहे, फक्त मी कधी लक्ष दिलं नाही.

काल जॉर्जियाच्या ताईंच्या पहिल्या तऱ्हेनं करून पाहिलं. लिहायला बसले तर कळलं, की नावाला शब्द नाही, पण कामाला आहेत. किलोभर पीच. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकले, साल हातानं सुटली. फोडींना १०० ग्रॅम साखर, लिंबाचा रस, चिमूट मीठ, चमचाभर कॉर्नफ्लोअर. अर्धा तास झाकून. 'मॅसरेट' असं मूळ कृतीत होतं, मी 'पाणी सुटेपर्यंत मुरवणे' लिहिलं.

मग २०० ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, त्यात ८५ ग्रॅम लोण्याचं मोहन. इथे मात्र अडखळले. आपलं मोहन कडकडीत, आणि यांचं लोणी फ्रिजमधून काढलेलं, घट्ट. चोळून चोळून मुटका वळायचा नाही, लोण्याचे वाटाण्याएवढे कण तसेच राहू द्यायचे. भट्टीत ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि गोळा आतून हलका होतो. तेव्हा मी 'गार मोहन' असा शब्द केला आहे. हसू नका. मग ताक घालून, न मळता, नुसतं गोळा करून, फोडींवर टाकलं. १९० अंशांवर ४० मिनिटं.

मूळ कृतीत गोळ्यांना 'बिस्किट्स' म्हटलं होतं! मी आधी मारी बिस्किटांचा पुडा काढून ठेवला होता.

उत्तर, जॉर्जियाहून

अय्या काकू! इथलं बिस्किट म्हणजे मऊ, फुगलेला, पावासारखा प्रकार. शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ दोनदा भाजलेलं, आणि हे एकदाच भाजतात. त्या अर्थानं आपला टोस्टच खरा बिस्किट. 'गार मोहन' मी आजपासून वापरणार.

याची भावंडंही आहेत, शब्दांची आवड म्हणून सांगते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, हेच चुलीवर झाकून शिजवलं की त्याला ग्रंट म्हणतात, शिजताना फळ गुरगुरतं म्हणून. त्याचंच दुसरं नाव स्लंप, वाढल्यावर बसतं म्हणून. आपल्याकडे असतं तर पहिल्याला 'खदखदं' आणि दुसऱ्याला 'बसकं' म्हटलं असतं. वर पिठाचा नुसता भुगा घातला तर ते क्रंबल, भुग्यात ओट्स घातले तर बहुधा क्रिस्प. ही मंडळी कॉब्लरच्या घरातली, पण कॉब्लर नव्हेत.

उत्तर, पुण्याहून (शेवटचं, म्हणतो तरी)

व्याकरणाचं राहिलं. 'तो कॉब्लर' की 'ते कॉब्लर'? केक पुल्लिंगी, बिस्कीट नपुंसकलिंगी, पेस्ट्री स्त्रीलिंगी. नियम कुणी केला नाही, कान करतो. माझ्या कानाला 'तो कॉब्लर'. चौथीला 'कॉब्लरला', षष्ठीला 'कॉब्लरचा'. 'कॉब्लराचा' म्हटलं की पुन्हा चपला दिसतात. आणि पीचमधली 'पी' दीर्घच ठेवा. ऱ्हस्व केलीत तर वानखेडेवर जाल. ('पाय'चं तर विचारूच नका. 'सफरचंदाचा पाय' लिहिलेला एक मेनू मी पाहिला आहे.)

उत्तर, नागपूरहून

आणि पीचच्या आतल्या बीला काय म्हणायचं? आंब्याला कोय किंवा बाठ, फणसाला आठळी, चिंचेला चिंचोका. पीचला नुसतं 'बी' म्हणणं म्हणजे अन्याय आहे. काही जातींत ती गराला चिकटून राहते, काहींत अलगद सुटते. जॉर्जियातल्या मार्शलव्हिलच्या सॅम्युएल रम्फ यांनी बायकोच्या नावावरून ठेवलेली एल्बर्टा ही सुटणाऱ्यांतली. कॉब्लरला सुटणारी बरी, फोडी नीट पडतात.

प्रश्नकर्ती, नाशिकहून

मी 'कोय' लिहिलं. सुटी कोय, चिकट कोय.

वहीत मथळा असा झाला: 'पीचचा कॉब्लर (सप्ताळूचा), खाली-वर आच'. एकच शंका उरली. मधले दोन गोळे वरून छान खरपूस, पण खालून कच्चे, ओले राहिले. याला काय म्हणतात, गिच्च गोळा?

उत्तर, कुडाळहून

गिच्च गोळाच म्हणतात. रस कडेला नाही, मधोमध खदखदेपर्यंत ठेवायचा होता. मध्ये उकळी आल्याशिवाय कॉर्नफ्लोअरही धरत नाही. अजून दहा मिनिटं, काकू.