तारण : बँकेतलं आणि चर्चमधलं

‘तारण (म्हणजे पापातून सुटका) फुकटच मिळणार असेल तर माणूस चांगलं वागेल कशाला?’ हा तुमचा प्रश्न फार जुना. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौलाने तो स्वतःच काढून तिथल्या तिथे खोडलाय.

गंमत आपल्या शब्दाची आहे. बँकेत तारण म्हणजे कर्जापोटी आपण ठेवतो ते सोनं, घर. चर्चमध्ये नेमकं उलटं : ठेवायला आपल्याकडे काहीच नाही, तरी कर्ज फिटलं! इफिसकरांस पत्रातला (२:८-१०) क्रम बघा. आधी कृपेने तारण, ‘कर्मांमुळे नाही’. आणि लगेच, आपल्याला सत्कर्मांसाठीच घडवलंय. म्हणजे सत्कर्म हे फळ, किंमत नव्हे.

‘कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात’ हे तुमचं म्हणणं मात्र पटलं नाही. जर्मन धर्मसुधारक लूथरने १५१७ मध्ये ज्याला तोंड फोडलं त्या वादावर, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लूथरन (लूथरच्या वाटेने गेलेले) आणि कॅथलिक या दोघांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही (ते कधी मिटतात?), पण देव माणसाला स्वीकारतो तो कृपेनेच, आपल्या कमाईवर नाही, हे त्यात दोघांनी मिळून लिहिलंय.