पदयात्रांचा तक्ता पक्षांनी मिळून का ठरवू नये?

पेठेतला मतदार: मागच्या निवडणुकीत आमच्या गल्लीत दोन पदयात्रा समोरासमोर आल्या. इकडं हलगी, तिकडं स्पीकर. मागं सरायला कोण तयार नाही. ढकलाढकली सुरू झाली आणि दवाखान्याला निघालेली माझी आई तासभर दारातच अडकली.

आदर्श आचारसंहितेत यावर स्पष्ट लिहिलंय. दोन पक्षांच्या मिरवणुका एकाच वाटेनं जाणार असतील तर आयोजकांनी आधी एकमेकांशी बोलायचं. दुसऱ्याची सभा चालू असेल तिथनं मिरवणूक न्यायची नाही. गणपतीत आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला एवढी मंडळं एकामागं एक जातातच की! माघारीची मुदत संपली की त्याच संध्याकाळी प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांच्या माणसांनी बसून पदयात्रांच्या वेळा-वाटांचा तक्ता करावा, त्यावर सह्या कराव्यात.

वकील, ताराराणी चौक: माझा विरोध. सही मोडली तर करणार काय? आचारसंहिता हा कायदा नाही. तिला कायद्याचं बळ द्या, असं संसदेच्या स्थायी समितीनंच 2013 मध्ये सुचवलं होतं. लोकसभा-विधानसभा निवडणुकीची प्रचारसभा उधळली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तशी जरब पदयात्रेलाही हवी.

पेठेतला मतदार: पण खटला उभा राहीपर्यंत गुलाल उधळून झालेला असतो. मला त्याच संध्याकाळी रस्ता मोकळा हवाय.

शाहूपुरीची लेक: मी दोनदा मतदानाच्या दिवशी पक्षाच्या टेबलावर बसले आहे. मतदाराला द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर, त्यावर चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव नाही. हा नियम दोन्ही टेबलं पाळत होती. आमच्या यादीत एका आजींचं नाव सापडेना, ते समोरच्या पोरांनी शोधून दिलं. दिवसभर पोलिसांना कुणी बोलवलं नाही. माणसं ऐकतात, आधी बोललं पाहिजे.

अपक्षाचा कार्यकर्ता: टेबलाचं ठीक आहे ताई, रस्त्याचं वेगळं. संध्याकाळी 6 ते 8 ची वेळ मोठे पक्ष घेणार आणि आम्हाला दुपारचं ऊन. शिवाय आम्ही कधी, कुठं असणार हे चौकात लागलं, तर अडवणाऱ्याला आयतंच सापडलं. आमची पोरं मोजून वीस.

पेठेतला मतदार: वेळांचं म्हणणं पटलं, मी तो विचारच केला नव्हता. मग चिठ्ठ्या टाकून वेळा काढू, अपक्षांसकट. तक्ता चौकात नको, उमेदवारांकडं आणि पोलीस ठाण्यात राहू दे.

वकील, ताराराणी चौक: ठाण्यात प्रत देणार असाल तर मसुदा मी लिहून देतो. कायद्याची मागणी मात्र सोडत नाही.