ब्लॅकबर्नचे मालक पुण्यात, आपण मुंबईत. इथल्या चाहत्याने काय करावं?

ईवुड_लालबाग

मंडळी, ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबचे मालक पुण्याचे आहेत. क्लबच्या इवुड पार्क मैदानापासून सात हजार किलोमीटर लांब, माझ्या घरापासून जेमतेम दीडशे. तिकडचे चाहते पंधरा वर्षं ओरडून थकले आणि मी इथे बसून नुसत्या मॅचेस बघतोय. आता पुण्याला जाऊन त्यांच्या कार्यालयात एक पत्र द्यायचं मनात आहे. द्यावं का, आणि दिलं तर त्यात काय लिहावं, एवढ्यासाठी धागा काढलाय.

ज्यांना क्लब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी हा एक. लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव. तिथलाच पोलादाचा व्यापारी जॅक वॉकर याने क्लब हातात घेतला, केनी डॅलग्लिशला मॅनेजर केलं, शिअररला आणलं आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. शेवटच्या दिवशी, १४ मेला, लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर २-१ हरूनही चॅम्पियन, कारण तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला १-१ असं अडवलं. त्या मोसमात शिअररचे ३४ गोल. मी तेव्हा शाळेत होतो. मामा बोटीवर होते, त्यांनी लिव्हरपूलहून अर्धी निळी, अर्धी पांढरी जर्सी आणली होती. छातीवर बिअरचं नाव, म्हणून आईने ती चाळीच्या बाहेर कधी घालू दिली नाही. पण क्लब ठरला तो ठरला.

वॉकर २००० मध्ये गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांच्या धंद्यातल्या पुण्याच्या वेंकीजने २३ दशलक्ष पौंडांना क्लब घेतला, वर क्लबचं कर्जही घेतलं. प्रीमियर लीगमधला क्लब घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. मी ऑफिसात पेढे वाटले होते. आपल्या राज्यातल्या माणसांनी माझा क्लब घ्यावा, याहून मोठं काय?

पुढचं तुम्ही वाचलं असेल. महिन्याभरात मॅनेजर सॅम अलरडाइसला काढलं, संघ तेराव्या नंबरावर असताना. त्याच्या जागी स्टीव्ह कीन, ज्याचं मॅनेजर म्हणून हे पहिलंच काम. रोनाल्डिन्होला आणायच्या गोष्टी झाल्या. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून १-० हरून संघ प्रीमियर लीगच्या बाहेर. त्या मॅचमध्ये कुणीतरी रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली आणि जगभर लोक हसले. मला अजूनही तो फोटो बघवत नाही. पुढच्या मोसमात मॅनेजर म्हणून हेनिंग बर्ग ५७ दिवस, मायकेल अॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये तिसऱ्या पातळीवर घसरण. मॅनेजर टोनी मोब्रेने वर्षभरात परत वर आणलं, त्या माणसाचे उपकार आहेत.

आणि २०२५. फेब्रुवारीत संघ पाचव्या नंबरावर होता. मॅनेजर जॉन युस्टेस उठून डार्बीला गेला, म्हणजे तळाशी झगडणाऱ्या संघाकडे. प्रीमियर लीगचं दार समोर दिसत असताना माणूस खालच्या संघात जातो, तेव्हा आतलं वातावरण काय असेल याचा विचार करा. मे महिन्यात क्लबने महिला संघाला दुसऱ्या पातळीवरच्या लीगमधून मागे घेतलं, कारण त्या लीगच्या अटींप्रमाणे खर्च करायची तयारी नव्हती. माझी मुलगी वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर खेळायला जाते. तिने मला विचारलं, "बाबा, मग त्या ताया आता कुठे खेळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे मी पुण्याच्या लोकांना नावं ठेवायला लिहीत नाही. तिकडच्या चाहत्यांचं म्हणणं सतत वाचतो, तर त्यातला मूळ मुद्दा पैशाचा नाहीच. मालक मैदानावर येत नाहीत आणि बोलत नाहीत, हा आहे. क्लब कशासाठी ठेवलाय, कुठे न्यायचाय, काहीच कळत नाही.

हे दुखणं मी घरातच बघितलंय. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. आयुष्यभर त्यांना मालक दिसला नाही. गेटवर यायचा तो लेबर ऑफिसर, नाहीतर नोटीस. संप बुडाला याचा राग त्यांनी गिळला, पण "समोर येऊन एकदा तरी सांगायचं होतं" हे ते शेवटपर्यंत म्हणायचे. आणि गांधीजी १९३१ मध्ये लंडनला गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला मुद्दाम जाऊन राहिले होते. आपल्या परदेशी कापडावरच्या बहिष्काराचा फटका ज्या गिरणी कामगारांना बसला होता, त्यांच्यातच. त्यांच्यासमोर उभे राहिले, त्यांचं ऐकून घेतलं, आपली बाजू सांगितली. त्या गावाला हिंदुस्थानातून आलेल्या माणसाने असं भेटल्याची आठवण आहे. म्हणून मला हे जास्त लागतं.

सांगा, पत्र द्यावं का?

मंदार_राजगुरुनगर

दादा, तुमची तळमळ कळते, पण दुसरी बाजू मांडतो. आमच्या भागात घरटी पोल्ट्री आहे. वेंकीजचे संस्थापक डॉ. बी. व्ही. रावांनी १९७१ मध्ये हॅचरी सुरू केली, १९८२ मध्ये अंड्यांच्या भावासाठी एनईसीसी ही उत्पादकांची समिती उभी करायला पुढाकार घेतला. त्याआधी व्यापारी सांगेल तो भाव होता. माझ्या आजोबांना ते नाव देवासारखं वाटायचं.

आणि पैशाचं म्हणाल तर या घराण्याने क्लबमध्ये दोनशे दशलक्ष पौंडांहून जास्त घातलेत, तेही तोटा होत असताना. एवढं करून शिव्या खायच्या? दुसरा कुणी असता तर कधीच विकून मोकळा झाला असता. क्लब बुडाला नाही, हे कुणी बोलतच नाही.

ताळेबंद_ठाणे

मी सीए आहे, म्हणून कागदावरचं तेवढं सांगतो.

मंदार म्हणतो ते खरं आहे, पैसा घातलाय. पण पैसा येण्याचा रस्ता अडला होता, हेही खरं. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखालच्या ईडीच्या चौकशीमुळे २०२३ पासून इथून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, बँक हमीच्या अटीसकट. त्या काळात क्लबला स्वतःच्या जिवावर उभं राहायला लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला गेला. क्लबच्याच अकादमीतला पोरगा, किंमत अठरा दशलक्ष पौंड, आणि अटी पूर्ण झाल्या तर वर आणखी चार. काही महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता. मॅनेजरने कुठल्या भरवशावर पुढच्या मोसमाची आखणी करायची?

दुसरं. इथे कुणीतरी नक्की सुचवेल की वेंकीजचा एक शेअर घ्या आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारा. उपयोग नाही. बाजारात नोंदलेली आहे ती वेंकीज इंडिया. क्लब आहे वेंकीज लंडन लिमिटेडकडे, आणि तिच्यावर वेंकटेश्वरा हॅचरीज, जी प्रायव्हेट कंपनी आहे. पत्र हॅचरीजच्याच नावाने लिहा. चुकीच्या कंपनीला दिलं तर "आमचा संबंध नाही" म्हणून परत येईल आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच असेल.

अंधेरी_स्टँड

मी मुंबई सिटी क्लबवाला. येणारा मालक कसा असतो तेही बघितलं आणि जाणारा कसा असतो तेही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने आमचे ६५ टक्के घेतले. पैसा अबू धाबीचा, कारभार मँचेस्टरचा. २०२०-२१ ला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, शील्ड आणि कप दोन्ही आले, २०२२-२३ ला परत शील्ड, २०२३-२४ ला परत कप. अंधेरीच्या मैदानावर आम्ही घसा फोडून ओरडलो आणि मनापासून वाटलं की आता मुंबईत फुटबॉल रुजला. मग आयएसएलचं पुढे काय होणार हेच ठरेना, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुप बाहेर पडला. क्लब पुन्हा मूळ मालकांकडे.

धंद्याच्या हिशेबाने त्यांचं बरोबर असेल, लीगच नसेल तर पैसा कशात घालायचा? पण एका निवेदनावर सहा वर्षं संपली. तुमचे मालक न बोलता राहिलेत, आमचे गोड बोलून गेले. खरं सांगू, मला आता मालक चांगला की वाईट यात रस राहिला नाही. तो गेल्यावर आमच्या हातात काय उरतं, एवढंच बघतो. वयोगटाचे संघ चालू राहिले पाहिजेत, मैदान मिळालं पाहिजे.

पत्रात हे घाला: क्लब विकायचा झाला तर चाहत्यांना आधी कळवा, आणि मैदान क्लबपासून वेगळं करणार नाही असं लिहून द्या.

कूपरेजचे_काका

बाळांनो, १८९१ पासून चालत आलेला मुंबईचा रोव्हर्स कप कूपरेज मैदानावर बघितलेला माणूस आहे मी. तो कप बंद पडला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड क्लब २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा मालक परदेशी नव्हता, इथलाच होता, चांगला होता. त्यामुळे परदेशी-देशी याने फरक पडत नाही असं माझं मत. मालकावर कायद्याचा वचक आहे की नाही, हे बघा.

जर्मनीत ५०+१ चा नियम आहे. मतांचा बहुमताचा वाटा क्लबच्या सभासदांकडेच राहतो, मग पैसेवाला कितीही मोठा असो. इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक आहे, मालकांची तपासणी त्याच्याकडे आणि क्लबांनी चाहत्यांशी सल्लामसलत करावी ही अट कायद्यातच आहे. त्यामुळे पत्रात भीक मागितल्यासारखं लिहू नका. "आपल्यावर ही जबाबदारी आता कायद्याने आहे, ती आपण कशी पार पाडणार?" असं विचारा. शब्द सौम्य ठेवा, पण विचारा.

आणि मोर्चा, घोषणा, घरासमोर उभं राहणं, यातलं काही नको. माणसांच्या घरी जायचं नसतं.

ईवुड_लालबाग

काका, घरी जायचा विचार नव्हताच. कार्यालयातच.

मंदार, आजोबांबद्दल लिहिलंस ते वाचून बरं वाटलं, खरंच. माझा राग पैसा न घातल्याचा नाही, ते परत सांगतो. उलट एवढा पैसा घालून बोलायला न येणं हेच मला समजत नाही. शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन भाव समजावणाऱ्या माणसाचा वारसा सांगणाऱ्यांना ब्लॅकबर्नच्या एका सभागृहात तासभर बसणं अवघड का जावं? तिकडचे लोक काही ट्रॉफी मागत नाहीत. तीन पिढ्या त्याच खुर्चीवर बसणारी घरं आहेत. त्यातल्या अनेकांनी निषेध म्हणून तिकीट काढणं सोडलंय. ज्या आजोबाने नातवाला पहिल्यांदा मैदानावर नेलं, तोच आजोबा आता जात नाही. हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही, सीएसाहेब.

अंधेरीवाल्यांचा मैदानाचा मुद्दा घेतो, तो मला सुचलाच नव्हता. महिला संघाचंही एक वाक्य हवंच, मुलीला शब्द दिलाय. पत्र मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिहितो. मराठीतलं त्यांच्यासाठी, कारण इथून, त्यांच्याच राज्यातून कुणीतरी हे विचारतंय हे त्यांना कळायला हवं. इंग्रजीतलं तिकडच्या चाहत्यांच्या संघटनेला पाठवीन, म्हणजे आपण परस्पर काही केलं असं होणार नाही.

सिंहगडरोड

पुण्यातून लिहितोय. पत्र नुसतं गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या हातात देऊ नका, ते कुठे जाईल सांगता येत नाही. दोन प्रती आणा, आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शनिवारी येऊ नका. आवक विभागाने घ्यायला नकार दिला तर तिथून सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा, पोचीच्या सोयीसकट. पत्रावर फोन नंबर घाला, आणि किती दिवसांत उत्तर अपेक्षित आहे तेही लिहा. नाहीतर पुढे आठवण करून द्यायला आधार राहत नाही.

कामाच्या दिवशी सकाळच्या गाडीने येणार असाल तर शिवाजीनगरला उतरा, मी स्टेशनवर येतो. मी लिव्हरपूलवाला आहे, पण सही करीन.