मदत हवी आहे : वंश की पक्ष, हे कोर्टात सिद्ध कसं करतात?

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. यंदा पहिल्यांदा मत देणाऱ्या आपल्या काही मराठी मुलांना मी मतदारसंघांच्या पुनर्रचनेबद्दल समजावणार आहे, आणि एका जागी अडले आहे.

दर 10 वर्षांनी जनगणना, मग नवा नकाशा, इथवर सोपं. पण टेक्सासने ऑगस्ट 2025 मध्ये मध्येच नकाशा बदलला, रिपब्लिकन पक्षाला आणखी 5 जागा मिळाव्यात म्हणून. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव 50, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या जागा वाढवू शकणारा नवा नकाशा, मंजूर केला. भारतात पुनर्रचना आयोगाच्या अध्यक्षपदी न्यायाधीश असतात. इथे बहुतेक राज्यांत आमदारच रेषा आखतात. म्हणजे मतदारांनी उमेदवार निवडायचा की उमेदवारांनी मतदार? मला हे फार लागतं.

'रूचो' खटल्यात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की पक्षहितासाठी केलेल्या आखणीत संघीय न्यायालयं पडणार नाहीत. वंशाचा मुद्दा वेगळा, वंशावरून मतदारांना डावलणाऱ्या नकाशाविरुद्ध संघीय न्यायालयात दाद मागता येते. 2023 मध्ये अलाबामाच्या कृष्णवर्णीय मतदारांना तिथल्या नकाशाविरुद्धच्या खटल्यात न्याय मिळालाही. पण जिथे वंश सांगितला की पक्ष जवळजवळ कळतोच, तिथे नकाशामागचा हेतू कोणता हे सिद्ध कसं करतात? पुरावा म्हणून नेमकं काय ठेवतात? आणि पेनसिल्व्हेनियात 2018 मध्ये राज्याच्या संविधानाच्या आधारे नकाशा रद्द झाला, तसा मार्ग टेक्सासमध्ये आहे का?

इथला कायदा शिकलेलं कुणी असेल तर साध्या मराठीत सांगाल का? एखादा निकाल वाचायला सुचवलात तरी चालेल.