न्हाणीतल्या गॅस गिझरसाठी कोणता एक्झॉस्ट फॅन घ्यावा?

आर्वीकडचा
राम राम मंडळी. आर्वी तालुक्यातलं खेडं. इतकी वर्षं पाणी बंबात तापायचं, पऱ्हाटीवर. दिवाळीत आईसाठी सहा लिटरचा गॅस गिझर घेतला, न्हाणीतच बसवला. न्हाणी चार बाय सहा, छत आठ फूट. झरोका आहे, पण गारठा येतो म्हणून आईनं त्यात पोतं कोंबलंय. आठवडा झाला, न्हाऊन आली की डोकं धरून बसते, मळमळते म्हणते. बीपी बरोबर आहे. एक्झॉस्ट फॅन लावावा म्हणतो. कोणता घेऊ?

कास्तकार
भाऊ, फॅनचं मंग पाहू. पयले पोतं काढ अन् गिझर बंद ठेव. आजच. माह्या साळ्याच्या घरी असंच होतं. त्याची बायको न्हाणीत पडली, आतून कडी. दार तोडून काढली म्हणून वाचली बाप्पा.

आर्वीकडचा
पण गॅसचा वास अजिबात येत नाही. फिटर म्हणाला, काही होत नाही.

शाळामास्तर
वास गळतीचा येतो, कारण सिलिंडरमधल्या गॅसात तो मुद्दाम मिसळलेला असतो. तुमच्याकडे गॅस गळत नाहीये, अर्धवट जळतोय. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ ही त्याचीच लक्षणं. डॉक्टरांना गिझरचं आवर्जून सांगा.

हिशेब करा. सहा लिटरचा गिझर साधारण 12 किलोवॅटचा. दहा मिनिटांत त्याला जवळपास 2 घनमीटर हवा लागते. तुमची अख्खी न्हाणी साडेपाच घनमीटरची! तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवा गिझरच खातो, आणि आई त्याच हवेत श्वास घेतात. ज्योत निळीची पिवळी झाली, काजळी धरली, तर समजा हवा कमी पडतेय. पण निळी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका.

मिनेसोटातला वैदर्भी
इकडे घर तापवायला तळघरात गॅसची फर्नेस असते. तिला धुराडं असतं, तरी नियम असा की ताशी 1000 बीटीयूमागे (बीटीयू म्हणजे इकडचं उष्णतेचं माप) खोली 50 घनफूट हवी. 12 किलोवॅट म्हणजे ताशी साधारण 40 हजार बीटीयू, तेव्हा तुमच्या गिझरला या मापानं 2000 घनफूट लागतील. न्हाणी 192. खोली लहान असेल तर शेजारच्या मोठ्या जागेकडे दोन जाळ्या ठेवतात, एक छताजवळ, एक जमिनीजवळ. एकट्या झरोक्यानं भागत नाही.

आर्वीकडचा
मग खाली जाळी आणि वर फॅन?

कास्तकार
अन् लाइट गेली की? आमच्याकडं तर पहाटेच जाते.

शाळामास्तर
शिवाय खालून हवा आत यायला वाट नसेल तर फॅन ओढणार काय? गिझरच बाहेर काढा. न्हाणीच्या मागच्या भिंतीला, पत्र्याच्या छपरीखाली. फक्त गरम पाण्याची पाइप आत. सिलिंडरही बाहेरच, उभा. वाऱ्यानं ज्योत विझते म्हणून आडोसा करा, पण पेटीत कोंडू नका, नाहीतर तीच न्हाणी झाली.

आर्वीकडचा
पोतं काढलं, गिझर बंद केला. उद्या दुसरा फिटर येतोय. आई म्हणते, बंबच बरा होता, पऱ्हाटी पडलीच आहे गोठ्यामागं.

कास्तकार
पेटव म्हणा. पण अंगणात.