मदत हवी आहे : १२ वर्षं जुनी एअर रायफल घ्यावी का?
नमस्कार मंडळी, आम्ही नाशकात सिडकोत राहतो, मुलगी १० मीटर नेमबाजीची प्रॅक्टिस करते आणि गंगापूर रोडला एकांकडे १२ वर्षं वापरलेली पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल मिळतेय, ठेवलीय एकदम जपून, नळी आतून आरशासारखी. शिसं मऊ म्हणून ४.५ मिमीच्या छर्‍यांनी नळी लवकर झिजत नाही एवढं माहितीय, पण ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), सील वाळलेच असणार ना, कारण हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा रात्रीतून २०० बारवरून १७० वर आला! त्यात सिलिंडरवर छापलेली १० वर्षांची मुदत उलटलीय, म्हणजे मॅचला तपासलं की अडचण, तो नवाच घ्यावा लागणार (त्या खर्चाबद्दल मालक काही बोलतच नाहीयेत). रेग्युलेटर (दर गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), ट्रिगरच्या स्प्रिंगा कितपत टिकतात? आणि सील बदलून देणारा नाशकात कोणी आहे का, की पुणं गाठायचं?