जळगावच्या मेहरूण तलावावरची धाव: कुणाकुणाचं नाव लिहू?

भूषण, सी-२०४ (रात्री ८.५०)
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहाला मेहरूण तलावावर धावायचं ठरवलंय. मी दहा किलोमीटर धावणार. ज्याला जमेल त्याने पाच धावावेत, नाहीतर तीन चालावेत. नुसता व्यायाम म्हणून नाही. आपापल्या नातेवाइकांकडून, दुकानातल्या, ऑफिसातल्या लोकांकडून किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची आणि ती मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला गरजू पेशंटांच्या उपचारासाठी द्यायची, प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या नावाने. माझे अण्णा त्यानेच गेले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नाही, कारण आम्ही तेव्हा 'पाठीचं दुखणं' एवढंच सांगत होतो.

सेक्रेटरी, ए-२०१ (८.५८)
चांगला विचार आहे. पण पैसे सोसायटीच्या खात्यात घेता येणार नाहीत. ऑडिटला अडचण येते.

भूषण, सी-२०४ (९.०१)
एक रुपयाही नको. ज्याने त्याने थेट हॉस्पिटलला ऑनलाइन किंवा चेकने भरायचे, पॅन नंबर टाकायचा म्हणजे करसवलतीची पावती ज्याच्या त्याच्या नावाने येईल. माझ्या हातात रोख कुणीच देऊ नका. मी फक्त वही ठेवतो, कोण किती किलोमीटर आणि किती रक्कम.

तात्या, ए-१०२ (९.१०)
भूषण, मनात आलं ते विचारतो, राग मानू नको. धावायचं कशाला? ज्याला द्यायचे तो पाचशे रुपये असेच देईल. आणि हा विषय असा, ग्रुपवर बायका, पोरंसोरं सगळीच आहेत.

भूषण, सी-२०४ (९.३२)
तात्या, राग कसला? उलट तुम्ही विचारलं ते बरं झालं. अण्णांचं सगळंच सांगतो.

आमचं घर रावेर तालुक्यात, केळीवाले. अण्णा ओसरीवर झोपायचे. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा मागच्या दाराची कडी वाजायची. चपला ओढत परसात जायचे, बराच वेळ उभे राहायचे, परत यायचे, पुन्हा कडी. ती कडी दोन वर्षं माझ्या कानावर पडत होती. एकदा विचारलं तर म्हणाले, 'वय झालं, सगळ्यांचंच असं असतं.' मी पुढे विचारलं नाही. मग कंबर धरली. आम्हाला वाटलं, जन्मभर खांद्यावर केळीचे घड वाहिले, त्याचंच असणार. सहा महिने पट्टा, मालिश, इंजेक्शनं. एक दिवस बांध चढताना पायच उचलेना. एमआरआय केला तेव्हा मणक्यांत डाग दिसले. प्रोस्टेटची रक्ततपासणी असते, पीएसए, तो आकडा १८० च्या वर.

मग रात्रीची अमरावती एक्सप्रेस धरायची, परळला टाटात नंबर लावायचा, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे शेजारच्या खाटेवर नंदुरबारकडचे एक बाबा होते. दुखणं तेच, आणि त्यांच्याही घरी पाठीचंच म्हणून सांगितलेलं. दर तीन महिन्यांचं इंजेक्शन परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. दोन्ही अंडकोष काढायचं ऑपरेशन. फॉर्म वाचून दाखवायला त्यांनी मला बसवलं. सही करायच्या आधी मुलाला म्हणाले, 'जा, चहा घेऊन ये.' मुलगा बाहेर गेला, मग सही केली.

आता धावायचं कशाला? तात्या, पाचशे रुपये मागितले की लोक देतात आणि विषय तिथेच संपतो. मी दहा किलोमीटर धावणार म्हटलं की विचारतात, 'कशासाठी रे?' मग मला तो शब्द तोंडाने उच्चारावा लागतो. या आठवड्यात अकरा जणांना सांगितलं. त्यातले चौघे थांबून आपापल्या वडिलांबद्दल विचारत राहिले.

रेखाताई, बी-३०३ (९.४०)
तात्या, विषय ग्रुपवर आहे तेच बरं आहे. रात्री कोण किती वेळा उठतं ते घरातल्या बाईलाच माहीत असतं. आपण सांगितलं तर म्हणतात, तू झोप.

मंगेश, बी-२०२ (९.४३)
भूषणदादा, ते ऑपरेशन का करतात? आजार तर प्रोस्टेटचा ना?

डॉक्टर वहिनी, सी-१०१ (९.५५)
मंगेश, हा कर्करोग पुरुषी हॉर्मोनवर पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ते हॉर्मोन बंद करण्यासाठी एकतर इंजेक्शन द्यायचं, नाहीतर ते जिथे तयार होतं तो भाग काढायचा. परिणाम दोन्हींचा जवळपास सारखाच. आपल्याकडे बरेच जण ऑपरेशन निवडतात ते पैशांपायीच. भूषणभाऊ जो निधी जमवतायत, त्याने एखाद्याला निदान निवड तरी करता येईल.

बाकीच्यांनी घाबरू नये म्हणून थोडं सांगते. मी युरॉलॉजिस्ट नाही, पण रोज असे पेशंट बघते. प्रोस्टेट म्हणजे अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती. पन्नाशीनंतर बहुतेकांची ती वाढते आणि नळी दाबली जाते. रात्री उठावं लागणं, धार बारीक होणं, शेवटी ठिबकत राहणं, हे बहुतेक वेळा त्या साध्या वाढीने होतं, कर्करोगाने नाही. त्यावर चांगली औषधं आहेत. खरी अडचण वेगळी आहे. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून लांब सुरू होतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. लघवीत रक्त दिसलं, कंबर रात्री झोपेतही दुखत राहिली, पायातला जोर कमी झाला, तर मात्र एक दिवसही घरी काढू नका.

सेक्रेटरी, ए-२०१ (१०.०२)
मग त्याच रविवारी क्लबहाउसमध्ये सगळ्या पुरुषांच्या पीएसएचं शिबिर घेऊ या का? लॅबवाल्याशी बोलतो.

डॉक्टर वहिनी, सी-१०१ (१०.११)
नको, भाऊ. सरसकट नको. युरोपात आठ देशांतल्या १,६२,००० पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. २३ वर्षांनंतर पीएसएसाठी बोलावलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी दिसले. म्हणजे फायदा आहेच. पण एक मृत्यू टाळायला ४५६ जणांना बोलवावं लागलं, आणि ज्यांचा कर्करोग जन्मभर गप्प बसला असता अशांचीही ऑपरेशनं झाली. त्यातल्या काहींचा लघवीवरचा ताबा गेला. म्हणून पन्नाशी-पंचावन्ननंतर प्रत्येकाने आपल्या डॉक्टरशी बोलून ठरवावं. वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर धोका साधारण दुप्पट, त्यांनी पंचेचाळिशीतच विचारावं. भूषणभाऊ, तुम्हीसुद्धा.

भूषण, सी-२०४ (१०.१३)
केली वहिनी, मागच्याच महिन्यात. १.१ आली.

अप्पा, बी-१०४ (१०.२०)
डॉक्टर ताई, मी ते पूर्ण शरीर तपासणीचं पॅकेज घेतलं होतं. पीएसए ५.२ आणि लाल अक्षरात. तीन आठवडे झाले. घरात कुणाला सांगितलं नाही. आता इथे लिहिलं म्हणजे सगळ्यांनाच कळलं.

डॉक्टर वहिनी, सी-१०१ (१०.२६)
अप्पा, ५.२ म्हणजे कर्करोग नाही. चारच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, एवढंच. लघवीत जंतुसंसर्ग असला, ग्रंथी नुसती वाढलेली असली, आदल्या दिवशी लांब सायकल चालवली, तरी आकडा वर जातो. आणि तुम्ही रोज सायकलवर असता. उद्या रिपोर्ट घेऊन या, लघवी तपासू, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करू. त्याआधी दोन-तीन दिवस सायकल बंद. तेव्हाही जास्त आला तर युरॉलॉजिस्ट बघतील. हल्ली तुकडा काढून तपासायला लगेच सुई टोचत नाहीत, आधी एमआरआय करतात. काकूंना मात्र आजच सांगा.

अप्पा, बी-१०४ (१०.२९)
ती शेजारीच बसली आहे. वाचते आहे.

निखिल, बी-२०१, मेलबर्नहून (१०.४१)
इकडे पहाट झालीय. उठल्या उठल्या सगळं वाचलं. भूषणदादा, हे सगळं सुरू झालं ते याच शहरातून. २००३ मध्ये तीस जणांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवल्या. पुढच्या वर्षी त्याच निमित्ताने प्रोस्टेट कर्करोगासाठी ५४ हजार डॉलर जमवले. तेच आज जगभर 'मूव्हेंबर' म्हणून चालतं. ज्याला मिशा नको असतात तो महिनाभरात ६० किलोमीटर धावतो किंवा चालतो. जगात दर तासाला साठ पुरुष आत्महत्या करतात, म्हणून साठ. दुखणं अंगावर काढणं आणि मनात दाबणं, ते दोन्ही एकत्रच धरतात. मी माझ्या ऑफिसातर्फे चालतोय, ४१ झाले. त्या रविवारी तुमच्या वेळेला मी इथे पाच धावेन. बाबा, तुम्ही पण जा ना तलावावर. तुम्ही तर रोज जायचात.

नाना, बी-२०१ (११.०५)
निखिल, तू विचारलंस म्हणून इथेच लिहितो. मी पावसाळ्यापासून तलावावर जात नाही. सगळ्यांना गुडघ्याचं सांगत होतो. गुडघे चांगले आहेत. फेरीला तास लागतो आणि मला वीस मिनिटांत जावं लागतं. वाटेत सोय नाही. एकदा भिंतीच्या आडोशाला उभा होतो, मागून शाळेची मुलं आली. त्या दिवसापासून घरातच फेऱ्या मारतो.

रेखाताई, बी-३०३ (११.०९)
नाना, माझ्या धाकट्या बहिणीचं घर तलावाच्या वळणावरच आहे. आत्ताच तिला फोन केला, जागीच होती. रविवारी पाचपासून तिचं पुढचं दार उघडं असेल. बाथरूम जिन्याखालीच आहे, कुणाला विचारायची गरज नाही.

बापू, सी-३०२ (११.१२)
नाना, मी बी येस तुमनासंगे. पयनं नही जमाव, पन चालसू.

डॉक्टर वहिनी, सी-१०१ (११.१४)
नाना, सोमवारी सकाळी दवाखान्यात या. एवढ्यासाठी फिरणं सोडायचं नसतं, औषधाने पुष्कळ फरक पडतो.

तात्या, ए-१०२ (११.२१)
भूषण, माझं नाव लिही, तीन किलोमीटर. आमचं दुकान तलावाकडे जायच्या रस्त्यावर आहे, मागे संडास आहे. मी साडेपाचलाच शटर उघडून ठेवतो आणि पोराला बसवतो. त्याला दिवा लावून ठेवायला सांगेन, तिथे अंधार असतो.

भूषण, सी-२०४ (११.२६)
लिहिलं तात्या. आणखी एक सोय बघतो. पाण्याची टाकी आहे त्या बाजूला ओळखीचे आहेत, उद्या जाऊन विचारून येतो. म्हणजे एका फेरीत तीन ठिकाणं होतील. नाना, तुमचं लिहू?

नाना, बी-२०१ (११.३१)
लिही. तीन.